उलट्या हाताने

आचऱ्याच्या तिठ्यावरचं दुकान अजून बंदच आहे.
फळ्यांच्या फटीतून वॉर्निशचा वास मात्र येतो,
हवा दमट असली की जरा जास्तच.
आत शंभराचा बल्ब लावून
तो मोटारींची वेटोळी सुकवायचा,
बाळंतिणीची खोली ऊबदार ठेवावी तशी.

पाटीवर होतं 'य. गो. मेस्त, मोटार वाइंडिंग',
पण यशवंत म्हणून हाक मारली
तर तो स्वतःच मागे वळून बघायचा, कोण आलं म्हणून.
सगळ्यांचा तो बाळगो.
चष्म्याची काडी तांब्याच्या तारेने बांधलेली,
कानामागे पेन्सिल,
आणि उद्या म्हणजे किमान गुरुवार.

हे लपवणार नाही, उशीर फार करायचा.
मे महिन्यात व्होल्टेज पडलं
की अख्ख्या वाडीच्या मोटारी एकदम जळायच्या,
लोक तिठ्यावर उभे राहून शिव्या घालायचे.
तो मान खाली घालून फेरे मोजत राहायचा,
बोललं तर आकडा चुकतो, म्हणून गप्प.
संध्याकाळी मात्र सायकलला बांधून
स्वतःच्या विहिरीवरची हिरवी मोटार घेऊन दारात.
"तवसर ही लावा. माझे माड थांबतले."
आणि ते थांबायचे.
एका वर्षी त्यातले दोन मेले. तो कुणाला बोलला नाही.
आमच्या मागच्या पडवीतून दिसायचे,
म्हणून मला ठाऊक.

बायको गेली तेव्हा वैजू चार वर्षांची.
तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी आला,
हातात तारेचे तीन तुकडे, हातभर लांब.
"वैनी, माका येणी घालूक शिकवशात?"
मी हसले नाही. त्याचं मला अजून बरं वाटतं.
पायरीवर बसून त्याने तारेची वेणी घातली,
उसवली,
परत घातली.
म्हटलं, "एवढी ताठ नको, केस दुखतील तिचे."
"तारेक पण दुखता," तो म्हणाला,
"ज्यास्त ओढली तर आतल्या आत तुटता."

पोर शाळेत गेली ती एका कानाकडे कललेली वेणी घेऊन,
रिबीन नव्हती, टोकाला मोटारीतली पांढरी सुती पट्टी.
दिवाळीपर्यंत तो पाच पेडांची घालू लागला
आणि आमच्या दोघी, मी घरात असताना,
फणी घेऊन त्याच्या पायरीवर.

गरम आहे का, हे तो उलट्या हाताने बघायचा.
मोटार असो, वैजूचं कपाळ असो.
"तळहातान धरलास तर करंट सोडना नाय," सांगायचा,
"पाठचो हात आपणच मागे येता."
ह्यांना रात्री कमी-जास्त झालं तेव्हाही
आधी तोच हात कपाळाला लागला,
मग तो रिक्षावाल्याला उठवायला अनवाणी पळाला.
हे त्यानंतर अकरा वर्षं जगले.

माघात तो गेला.
वैजू नाशिकहून आली. नर्स आहे तिथे,
तिला सगळं कळत होतं.
तरी भरल्या खळ्यात, सगळ्यांदेखत,
तिने बापाचं कपाळ पाहिलं
उलट्या हाताने.

परवा आमची मोटार बंद पडली.
कणकवलीचा पोरगा आला, मोबाइलवर बोलत बोलत,
झाकण काढलं आणि बोलायचा थांबला.
"कोणी भरल्यानी ही?"
फेऱ्याला फेरा चिकटलेला,
फटींत बांबूच्या कामट्या, तासून गुळगुळीत,
आणि शेवटचा सुती दोरा,
ज्याला नुसती गाठ पुरली असती,
तीन पेडांत विणलेला.
मी नाव सांगितलं. त्याला काही बोध झाला नाही.
"जळूक नाय ही," म्हणाला,
"स्टार्टरात मुंग्यो शिरल्यो."
फुंकर मारली, शंभर रुपये घेतले, गेला.

पाणी आलं.
पहिला पाट मी कुंपणापलीकडे सोडला.
त्याचे माड
बरेच दिवस थांबले होते.