गंगावेशीत मोजणी

पहाटे साडेपाचपासून खुर्ची टाकून बसलेय,
मांडीवर तक्ता, पेनाला दोरी.
दुचाकी. रिक्षा. मोटार. केएमटी.
पाच रेघांची एक जुडी.

कोष्टकात मोटार म्हणजे एक,
सायकल अर्धी,
बैलगाडी आठ.
चालणाऱ्याला रकानाच नाही.

सहाला यल्लाप्पाच्या म्हशी आल्या कट्ट्याकडं,
रस्ता आपल्याच नावावर असल्यागत.
मागं एक पांढरी मोटार हॉर्न दाबून दाबून दमली.
साहेबांना फोन केला, म्हशी कुठं लिहू?
"सोड की," म्हणाले.

मग फुलांची पाटी डोईवर घेऊन कमळाक्का,
दुभाजकाच्या फटीत
एक पाय उचलून उभी, बगळ्यागत,
गाड्यांत खंड पडेस्तोवर.
पडेना.

यल्लाप्पानं फेसाळ ग्लास पुढं केला.
"काय मोजतीस गं? रस्ता रुंद करणार?"
"अजून ठरलं न्हाई."
"मग आमास्नी बी धर. आमी रोजचं हाय."

पट्टी नव्हती.
छापील चौकटीबाहेर, उजव्या कडेला
हातानंच रेघ ओढली, वाकडी आली.
वर लिहिलं: पायी.

साडेआठला ती कड भरली.
मी कागद उलटला.