टेबल फिरवण्याबद्दल

गुरुवारी साडेतीनला चहा येतो
आणि कपबश्यांच्या आवाजात कुणाला तरी काहीतरी सुचतं.
वेंगुर्ल्यातला आमचा काजूचा कारखाना. कारखाना कसला,
पत्र्याची शेड, एक ड्रायर, सोळा बायका,
आणि बंदराच्या बाजूला तीन खिडक्या.

या गुरुवारी मनवा गिरप बोलली.
महिना झाला नाही तिला येऊन,
बोटांवर अजून चिकाचे ताजे डाग.
"टेबलां फिरवया काय?
खिडकेक पाठ करून बसतंव,
आपलीच सावली आपल्या ताटात पडता.
कीड दिसना नाय."

कप थांबले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
माझ्या जिभेवर 'नाही' आधीच येऊन बसलेलं,
पाटावर बसावं तसं, हात धुऊन.
टेबलं जड आहेत. वायर तोकडी आहे.
ऑर्डर सोमवारची आहे.
आणि खरं कारण:
ती टेबलं मी लावली होती.

एकोणीस वर्षांपूर्वी याच शेडमध्ये
मी दादांना म्हटलं होतं,
ड्रायरमधला गर रात्रभर ओल्या गोणपाटाजवळ ठेवूया,
सकाळी साल अलगद सुटेल.
दादा वहीतून वर न बघता म्हणाले,
"बाई, तू सोल."
मी सोलत राहिले.
पुढेही खूप सुचलं. ते घरी नेलं,
पिशवीत, भाजीखाली,
आणि कधी टाकलं ते आठवत नाही.

हातात एक गर होता, अर्धा सोललेला.
घाईने दाबला की त्याची पाकळी होते,
आणि पाकळीला भाव नाही.
प्रत्येक नव्या बाईला मीच सांगते,
जोर नको लावू,
आधी कुठून सुटतंय ते बघ.

"वारा," मी म्हटलं.
"आता आपल्या पाठी वारा अडवतात.
फिरलो तर सालं उडतील.
त्याचं काय करूया?"

करूया. हा शब्द तोंडातून गेला
आणि मीच त्याच्याकडे वळून बघितलं.

मनवाकडे उत्तर नव्हतं.
ती खिडकीकडे बघत राहिली, मग कपाकडे.
एरवी अशा गप्पपणावर मी बैठक संपवते.
या वेळी थांबले.
थांबणं सोपं नसतं, चहावर साय धरते,
कुणीतरी खोकतं, बाहेर मासळीचा टेम्पो हॉर्न देतो.

मागून फिलू डिसोजा बोलली.
अकरा वर्षांत तिने बैठकीत फक्त रजा मागितली होती.
"खालच्या अर्ध्याक फळयो मारूया.
वयरसून उजेड येवंदे."

मग सुलू आरोंदेकरला जोर आला:
खिडक्याच बुजवा, ट्यूबा लावा!
मी म्हटलं, सुलू, बिल पगारातून कापू का तुझ्या?
सगळ्या हसल्या. तीही हसली, पण जरा उशिरा.
ते उशिराचं हसणं मला ओळखीचं वाटलं.
म्हणून परत तिच्याकडे वळले:
"पण जुलैत दुपारीच काळोख होतो,
तेव्हा एक ट्यूब लागेलच. लिहून ठेवते."
आणि लिहिलं. पुढे तिचं नाव घातलं.

शुक्रवारी एकच टेबल फिरवलं.
संध्याकाळी मोजलं तर
त्या टेबलावर किडके दाणे दुपटीने निघाले.
दुपटीने.
म्हणजे इतके दिवस ते पुढे जात होते,
डब्यात, माझ्या सहीखाली.
मनवाने काही म्हटलं नाही.
नुसतं ताट माझ्यासमोर सरकवलं.

सगळ्या गेल्यावर मी तिथे बसून बघितलं.
उजेड डावीकडून, हातावर सावली नाही.
एकेक दाणा असा दिसत होता
जसा पहिल्यांदाच कुणी दाखवावा.
आणि डाव्या हाताला समुद्र होता.
एकोणीस वर्षं तो माझ्या पाठीमागे होता.

तेवढ्यात वारा आला, ताटातली सगळी सालं
माझ्या केसांत, मांडीवर, पार ड्रायरपर्यंत.
"मनवा, फळ्या!" मी ओरडले.
सायकलीचं कुलूप काढता काढता
ती बाहेरून ओरडली,
"हाडतंय!"