पेटी क्रमांक चौदा

इद्वल पेनरी, जन्म १९०९.
स्लेटच्या खाणीखालचं गाव,
चॅपेलमध्ये एकेचाळीस वर्षं ऑर्गन.
एवढं वरच्यांनी आधीच टाइप करून पाठवलंय.
मला फक्त पानं मोजायची आहेत.

पहिल्या दिवशी टाचण्या काढल्या.
गंजलेली टाचणी जाताना
कोपऱ्यात एक तपकिरी सही करून जाते,
ती पुसता येत नाही.
तीही मी नोंदवते.

मला स्वरलिपी वाचता येत नाही.
मुलाखतीत हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले,
बरंच आहे, वाचत बसणार नाहीस.
म्हणून मी बाकीचं सगळं बघते :
व्हायोलाची शाई कुठे बदलली,
पेन्सिल कुठे रुतली, कुठे नुसती टेकली,
सिंफनीच्या पाठीवर हिशेब –
कोळसा, अंडी, बुटांचे तळवे,
डिलिसला नऊ शिलिंग.
(डिलिस कोण, ते कुठेच नाही.)
चहाच्या कपाचा अर्धा चंद्र
बरोब्बर तिथे, जिथे हॉर्न गप्प आहेत.
कप ठेवायला
मोकळी जागा तेवढीच असणार.

मग चौकडी, तिसरा भाग, पान बावीस.
चार वाद्यांवर आडवी चिकटवलेली पट्टी,
पट्टीवर आठ रकाने विश्रांती.
नुसती विश्रांती.
ही चौकडी एकदा रेडिओवर वाजली होती,
आणि त्या शांततेला कुणीतरी 'धाडसी' म्हटलेलं कात्रण
याच पेटीत, घडी घालून.

खालच्या मजल्यावरच्या रोन्वेनने
दोन दिवस ओल दिली पट्टीला,
सुईण बोलते तसं हळू काहीतरी बोलत राहिली,
आणि डिंकाने सोडलं एकदाचं.

खाली आठ रकाने भरलेले.
आणि रेघांच्या खाली, बारीक,
डो-रे-मीची आद्याक्षरं, मध्ये टिंबं, आडव्या रेघा.
ही मात्र मला ओळखू आली.
रविवारच्या शाळेत भिंतीवर तक्ता असायचा.
पाच रेघा ज्यांना कळत नव्हत्या
ती अख्खी गावं या अक्षरांवरून गायची.
चौघा वादकांना त्यांची काय गरज?
ती कुणासाठी तरी लिहिली होती,
ज्याला तेवढंच वाचता यायचं.

एम्रिसला बोलावलं. रात्रीचा पहारेकरी,
गावच्या कॉयरमध्ये बेस, वय एकाहत्तर.
वाचनालय बंद झालेलं. खाली अॅबरिस्टविथचे दिवे,
त्यांच्यापुढे समुद्र, काळा.
त्याने टोपी काढली, चष्मा घातला,
हात पाठीमागे बांधले, कारण कागदाला हात लावायचा नाही,
आणि जिथे आम्ही खोकतानाही माफी मागतो
तिथे तो गुणगुणला.

सहाव्या रकान्यात अडला.
'इथे चुकलाय हा.'
पुन्हा पहिल्यापासून.
पुन्हा तिथेच. मग बराच वेळ काही नाही.
'चुकला नाहीये,' म्हणाला,
'कुणीतरी उशिरा येतंय. त्याच्यासाठी थांबलेत.'

आणि आलं का कोणी, हे विचारायला
मी तोंड उघडलं,
तर त्याचा वॉकीटॉकी खरखरला :
पश्चिमेकडचं दार.

फॉर्ममध्ये वर्णनाला दीड ओळ मिळते.
मी लिहिलं : आठ रकाने, पट्टीखाली.
'रद्द' लिहून खोडलं.
आमच्याकडे खोडलेलं चालत नाही,
नवा फॉर्म घ्यावा लागतो.
नवा घेतला.
पट्टी वेगळ्या पाकिटात, १४/२२अ :
विश्रांती, लेखकाच्या हातची.

आज उशीर झाला मलाही.
जिन्यात एम्रिसची फेरी चालू होती,
मजल्यामागून मजला खाली येणारा आवाज.
सहाव्या रकान्यात तो थांबला.
किल्ल्या वाजतच राहिल्या.