झीज

म्हापशाच्या दुकानातला मुलगा म्हणाला,
असा आकडा आता येत नाही.
पाचशे नग घेणार असाल तर बाहेरून मागवतो,
पितळी दिसेल. पितळ नसेल.

मला एकच हवा होता.

इनास रेंदेर कामुर्लीहून बसने डिचोलीला आला होता,
कमरेचा पट्टा वर्तमानपत्रात गुंडाळून.
चामडं बदलून देते, मी म्हटलं,
म्हशीचं आहे माझ्याकडे, चार मिलिमीटर, पोटभर तेल प्यायलेलं.
पण हा आकडा, ज्यात काती अडकवून तुम्ही माडावर चढता,
तो मानेपाशी चिरलाय.
"म्हणून तर आयलां," तो म्हणाला.

स्वयंपाकघरामागच्या पडवीत माझा कारखाना:
एक शेगडी, करवंट्यांचा कोळसा,
फुंकणीच्या जागी केस वाळवायचं यंत्र,
आणि रुळाचा वीतभर तुकडा, जो बाबांनी
बार्जच्या गोदीतून घरी आणला
आणि कसा आणला ते कधी सांगितलं नाही.
पितळ एका मोडक्या खिडकीच्या अडसराचं.

सळी लाल करायची, पाण्यात विझवायची,
मऊ पडली की वाकवायची.
वाकता वाकता ती पुन्हा ताठरते.
पुन्हा लाल करायची.
हे कोणी शिकवलं नाही मला.
तीन सळ्या मोडल्या, त्यांनी शिकवलं.

मग जुन्या आकड्याला कॅलिपर लावला.
पाठीला सहा. पोटाशी साडेतीन.
पुन्हा लावला. साडेतीन.

चाळीस वर्षं, दिवसातून तीनदा,
काती काढली, काती अडकवली.
अडीच मिलिमीटर पितळ
कामुर्लीच्या माडांखाली कुठेतरी आहे,
चिमूटभरही भरणार नाही.

आता नक्कल कशाची करायची?
जो कधीतरी नवा होता त्याची,
की हा समोर आहे त्याची?

पहिला मी समोरच्याचा केला.
बारीक गोल कानशीने दोन दुपारी ती खाच उतरवली,
रात्रभर बिमलीच्या रसात ठेवला,
सकाळी गुलाबी निघाला, घासल्यावर पिवळा.
शेजारच्या शेवंतीला हाक मारून दाखवला.

मग आंब्याच्या फांदीवरून त्याला रगडा टांगला
आणि जेवायला बसले.
आमटीत भात कालवला, तोच धप्प.
आकडा उघडला होता. खाचेपाशी, बरोबर तिथेच.
झीज उसनी आणता येत नाही, असं काहीतरी मनात आलं,
पण भात गार होत होता.

दुसरा सरळ केला. सहा इकडे, सहा तिकडे,
थंड असतानाच रुळावर ठोकून घट्ट केला.
रगडा दोन दिवस लटकला.
शेवंतीचा नातू त्यावर बसून झोके घेऊन गेला,
हे मला नंतर कळलं.

इनास आला. पट्टा कमरेला आवळला.
काती पाठीमागे नेली, न बघता.
चुकली.
पुन्हा नेली. आकड्याला लागून खण्ण वाजली,
बसली नाही.
"हाताक कळूंक जाय," तो म्हणाला, "दोळ्यांक न्हय."
देऊ घासून? कानस इथेच आहे.
त्याने आकड्याच्या आतून अंगठा फिरवला,
जिथे काहीच नव्हतं तिथे.
"नाका. हांव करतलों."

सहासष्ट वर्षांचा आहे तो.
मी मनात हिशेब मांडला आणि अर्ध्यात सोडला.

जुना आकडा त्याने परत मागितला नाही.
पडवीच्या खिळ्याला अडकवलाय.
जाता-येता माझं बोट त्या खाचेत जातं.
थोडं सैल बसतं.

चामड्याचे पैसे घेतले, दोऱ्याचे घेतले.
आकड्याचे किती, तो दारातून वळून
दोनदा विचारून गेला.
अजून सांगायचे आहेत.