लूपचा बहिरा कान

ऐरोलीत, सेक्टर आठमधल्या आमच्या गच्चीवर
ताणलेली तार सगळं ऐकायची:
खाडीकडच्या हायटेन्शनची चरचर,
लिफ्टच्या मोटारीची उचकी,
कुणाच्या एलईडी माळेची भुणभुण.
माणूस सोडून सगळं.
चाळीस मीटरवर कुणी हाक मारलीच
तर चालू गिरणीत सुई पडावी तशी.

एका रविवारी मेन स्विच खाली ओढला,
रेडिओ स्कूटरच्या बॅटरीवर.
फ्रिज गप्प, राउटर गप्प,
अच्युत वर्तमानपत्रानं वारा घेत, "झालं का तुझं?"
काटा नवावरून सातावर.
म्हणजे दोन आमचेच होते.
चार्जरच्या वायरीत फेराइटच्या कड्या घातल्या,
बाळाच्या मनगटात काळे मणी घालतात तशा.

उरलेले सात शोधायला
ट्रान्झिस्टर कानाशी धरून जिना उतरले.
आमच्या विंगेत नुसती कुजबुज.
समोर बी विंग, तिसरा मजला,
मढवींच्या दाराशी तो किंचाळलाच.

सुनेनं दार उघडलं. "काय झाला, मावशी?"
आत मढवीकाका, नाकात नळी,
तीस वर्षं बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपनीत काढलेली छाती,
आणि पायाशी ऑक्सिजनचं यंत्र:
खर्र, थांब, खर्र.
"साखर आहे का गं थोडी?" मी म्हटलं.

मग तार उतरवली.
तांब्याची नळी वाकवून मीटरभराचं कडं केलं.
लूप ज्याच्याकडे तोंड करून बसतो
त्याचंच त्याला ऐकू येत नाही.
(अशी माणसं आमच्या घराण्यात पुष्कळ.)
बोटभर फिरवत, फिरवत
मढवींच्या खिडकीशी आणला
आणि काटा तीनवर बसला.
खालून उगवला जबलपूरचा एक म्हातारा हात,
डॅश जरा लांब, सांगत होता:
इथे धुकं.

परवा, नऊच्या सुमाराला,
लूपला हात न लावता काटा एकवर आला.
किती वर्षं मागितला होता असा धुतलेला बँड.
मिनिटभर तरी मी ऐकत बसले. खोटं कशाला बोलू.
मग अनवाणी जिना.

बी विंगेचा फ्यूज उडाला होता.
सून मोबाइलचा टॉर्च दातांत धरून
सिलिंडरची चावी फिरवत होती.
टॉर्च मी धरला.
लाइट यायला पाऊण तास लागला.

वर आले तर टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून
खर्र, थांब, खर्र.
लूप मीच उलटा फिरवला.
जबलपूरला कळवलं: तुमचं आज अर्धंच पोचतंय.
त्यानं विचारलं, खरखर कशाची?
टकटकलं:
शेजार.