पूर्ण डिस्क

लॅपटॉप कुवेतहून आलेला, पुतण्याने वापरून सोडलेला.
खाऱ्या हवेने खालचे स्क्रू तांबरलेले,
एक 'न' दाबला की दोन उमटायचे,
चालू करून मी बर्फाच्या लाद्या मोजून परत यायचे
तरी ठिपक्यांचं चक्र फिरतंच.

कणकवलीचा दुकानदार म्हणाला, नवा घ्या मॅडम.
जामसंड्याचा इम्तियाज म्हणाला, लिनक्स घाला, फुकट आसा.
फुकट म्हटलं की मला आधी संशय येतो.
देवगडच्या जेटीवर फुकट फक्त वास मिळतो.

आणि नावं तरी किती: उबंटू, फेडोरा, डेबियन, झोरिन, मिंट.
तीन रात्री नुसती चित्रं बघितली,
एकाचा डोंगर आवडला, एकाचा जांभळा रंग.
मग आठवलं, होडी घेताना बाबा रंग बघत नसत.
विचारत, इंजिन बंद पडलं तर मिस्त्री किती लांब राहतो?
इम्तियाजकडे मिंट आहे.
इम्तियाज रिक्षाने दहा मिनिटांवर.
मिंट.

पेनड्राइव्हवर धाकटीच्या लग्नाचा व्हिडिओ होता.
तो जाणार म्हणून तिला फोन केला.
"पूस गो," ती म्हणाली, "माझा तर कधीच पुसून झाला."

चालू होताना एफ-बारा दाबायचं.
धक्क्यावर दोर फेकतात तसं आहे ते,
लवकर फेकलात तर पाण्यात,
उशिरा फेकलात तर होडी पुढे.
सहाव्या खेपेला दोर अडकला.

आधी काहीही न पुसता बसून बघता येतं,
ओहोटीला रेतीत टेकलेल्या होडीत बसावं तसं.
मी दोन दिवस बसले.
वायफाय दिसेना, तर फोनला वायर लावून बसले.

तिसऱ्या दिवशी वाटणीचं पान उघडलं.
इम्तियाज त्याला पार्टिशन म्हणतो.
मला शब्द नवा नव्हता.
आमच्या सातबाऱ्यावर एकवीस नावं,
विहीर सामाईक, खळं सामाईक,
एका माडाच्या नारळांची तीन घरांत पाळी.
अठ्ठ्याण्णव साली भावाने मला तहसील कचेरीत नेलं,
चहा पाजला, बोट ठेवलं,
बोट ठेवलं तिथे मी सही केली. हक्कसोड.
बारावी झालेली मी. वाचता येत होतं.
वाचलं नाही.

इथे पडदा विचारत होता, सगळी डिस्क पुसू?
खाली लिहिलेलं, हे परत फिरवता येणार नाही.
हो म्हटलं तर पुन्हा विचारलं.
कचेरीत एकदाच विचारलं होतं,
तेही भावाला.

चष्मा पुसला. ओळन् ओळ वाचली,
न कळलेल्या दोनदा.
रूट म्हणजे काय, स्वॅप म्हणजे काय,
इम्तियाज जेवत होता, घास घोळवत सांगत राहिला.

पूर्ण डिस्क.
हो.

नकाशावर देवगडला टिचकी मारली,
टिंब कोलकात्याला जाऊन बसलं.
किनाऱ्यावर ओढून आणलं, पुन्हा तिकडेच.
राहू दे, वेळ एकच आहे.

साठ टक्क्यांना वीज गेली.
कॉम्प्रेसर थांबला की कारखान्यात जी शांतता होते
तिच्यात थेंब ऐकू येतात.
बॅटरी होती दहा मिनिटांची.
पांडू जनरेटरचा दांडा फिरवत शिव्या घालत होता,
मी पाठ करून उभी राहिले.

तुमचं नाव? हेमलता कुबल.
यंत्राचं नाव?
हे कोणी सांगितलं नव्हतं.
थोडा विचार करून मी लिहिलं, विहीर.
पासवर्ड दोनदा.

आता टचपॅड उलटा सरकतो.
प्रिंटर ओळख देत नाही.
'न' अजून दोनदाच उमटतो, तो दोष मिंटचा नाही.
काल पहिली नोंद केली,
मेथरांची बोट, लाद्या चौऱ्याऐंशी, उधार,
आणि भाऊ खिडकीत येऊन म्हणाला,
माझो पण एक फोल्डर कर गो त्येच्यात.

बघते, म्हटलं.