कऱ्हाडचा र

दूधवाला यायच्या आत यादी बघतो:
आज एकशे चौऱ्याऐंशी पॅकेजेस.
"कच्ची शाखा, मोडणारच," दिलशाद म्हणतो.
त्याच्या प्रेसमध्ये जुनंच चालतं. चालतं मात्र.

मागल्या मंगळवारी अक्षरं जुळवणारी लायब्ररी नवी आली
आणि गावाच्या नावातला र
उडी मारून ह च्या डोक्यावर बसला.
कर्हाड.
पत्रिका, पावत्या, सगळीकडे.

कळवलं. तिकडून कुणीतरी विचारलं, चुकलंय काय?
आता कसं सांगू, हा र
ह ला टेकवून ठेवलेला विळा असतो.
एसटी स्टँडच्या पाटीचा फोटो काढून पाठवला.

नऊ दिवस.
आज आवृत्तीचा शेवटचा आकडा
दोनाचा तीन झालाय, बस.
टाइप करून बघितलं. दोनदा.
दिलशादला दाखवलं.
"हे तर," तो म्हणाला, "आधीपण असंच होतं की."